बोरखेड्याची ताईबाई आणि हळदीचं बोलावणं

बोरखेड्यात कोणाकडे हळद निघाली, डोहाळजेवण निघालं की घरची बाई आधी हळद दळायला घेत नसे, आधी ताईबाईचं दार गाठायची. "अक्का, आज बलावनं फिरावशी ना व?" ताईबाईनं हातातलं काम टाकलं, पदर खोचला, की निघालीच. तास-दीड तासात सगळं गाव सांगून मोकळी. तिच्याएवढं चोख बोलावणं चाळीसगाव तालुक्यात कोणाला जमत नाही असं ती स्वतःच सांगायची, आणि खोटं नव्हतं ते.

ती अंगणवाडीची मदतनीस. तीस-बत्तीस वर्षं रोज सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करायची. कोणाचं नाक पुसायचं, कोणाची चड्डी वर ओढायची, कोणाला रडत रडत कडेवर आणायचं. त्यामुळे कोणत्या घरात किती बाया, कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या सासू-सुनेत अबोला आहे आणि दोघींना वेगवेगळं सांगावं लागेल, सगळं तोंडपाठ. बोलावण्याचे तिचे कायदे होते. दारात उभं राहून सांगायचं, नाव घेऊन सांगायचं. रस्त्यावरून ओरडायचं नाही. रस्त्यावरून ओरडलं तर ते बोलावणं नव्हे, ती दवंडी. आणि सगळ्यात मोठा कायदा स्वतःसाठी: बोलावल्याशिवाय कोणाच्या उंबऱ्यावर पाय टाकायचा नाही. मेलं तरी नाही.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा तोताराम छातीत कळ येऊन गेला. पुढच्याच महिन्यात खालच्या गल्लीत एक हळद होती. त्या दिवशी ताईबाई पदर खोचून ओट्यावर बसून राहिली. कोणी आलंच नाही. दिवेलागणीला वाजंत्री ऐकू आली तेव्हा तिला कळलं, की आता बोलावणं फिरवणं दुसऱ्या कोणाकडे गेलं, आणि तिला स्वतःलाही बोलावणं येणार नाही. विधवेला हळदीला बोलवत नाहीत, एवढं काय तिला माहीत नव्हतं? गावच्या ग्रामपंचायतीनं असल्या रूढी बंद केल्याचा ठराव केला होता, पेपरात फोटोही आला होता. ठरावाचं काय, तो दप्तरात राहतो. ताईबाईनं ते गिळून टाकलं.

पण दिपमालाचं लग्न ठरलं आणि ते गिळलेलं वर आलं.

दिपमाला तिच्या भावाची, रुपचंदची मुलगी. ताईबाईचं माहेर-सासर गावातल्या गावात, वरच्या गल्लीत माहेर, शाळेमागं सासर. दिपमाला जन्मली तेव्हा तिची आई सविता दीड महिना तापानं अंथरुणाला खिळली होती. त्या दीड महिन्यात पोरीला न्हाऊ-माखू घातलं ते ताईबाईनं. साय आणि हळद लावून मांडीवर चोळचोळ चोळली. पंचवीस वर्षं ती सांगत आली, "हिच्या अंगाला पहिली हळद माझ्या हातची लागली, लग्नातली पहिली हळदबी माझीच." पोरगीही लहानपणापासून हेच म्हणायची. आत्याला ती आमच्याकडच्या रिवाजानं फुई म्हणायची. "फुई, मनी हळद तूच लावशी ना?" आता ही हळद लागणार होती रविवारी संध्याकाळी, लग्न सोमवारी, आणि ताईबाईला दुसरं काही नको होतं. मान नको, साडी नको. फक्त त्या पोरीच्या अंगाला एकदा हात लागावा.

सविता पत्रिका घेऊन आली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग उठता उठता, पदराशी चाळा करत ती म्हणाली, "अक्का, लगीनमा तुमलेच पुढे ऱ्हानं शे. हळदना दिन मात्र... तुमले त रीत माहीत शे."

"माहीत शे ना व. मी काय आजनी शे का?" ताईबाई हसली. चांगली खळखळून हसली. सविता गेल्यावर मात्र ती कपबशी हातात घेऊन तशीच बसून राहिली. इतकं लागलं तिला, की रडूही येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कुलूप घातलं आणि मुलाकडे कल्याणला निघून गेली. रुपचंदला निरोप ठेवला: सोमवारी सकाळी परस्पर मांडवात येते.

कल्याणला वेगळाच घोळ चालला होता. मुलगा योगेंद्र एका कारखान्यात, त्याला कंपनीनं जहाजाचे दोन पास दिले होते. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघायचं, शनिवार अख्खा समुद्रात, रविवारी सकाळी परत. पण नातवाला निघाल्या कांजिण्या. पोराला सोडून सून हेमांगी कशी जाणार, आणि योगेंद्र तरी एकटा जाऊन काय करणार? दोघं हळहळत होते. ताईबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी जाते."

दोघं बघतच राहिले. "एकटी? आई, अगं समुद्रात फोनला रेंजपण नसते."

"मग तर बरंच झालं."

तिचं गणित सरळ होतं. कल्याणात राहिलं तर रविवारी संध्याकाळपर्यंत जीव थाऱ्यावर राहणार नाही. शनिवारपासून रुपचंदकडे पाहुणे, मांडव, फोटो. कोणीतरी फोटो पाठवणार, कोणीतरी फोन करून विचारणार. त्यापेक्षा जिथं फोनच लागत नाही तिथं जावं. हवापालट वगैरे तिच्या डोक्यातही नव्हतं. योगेंद्रनं एका पासावरचं नाव बदलून आणलं, आणि जिनं आयुष्यात गिरणा नदीचा पूर सोडून मोठं पाणी पाहिलं नव्हतं ती बाई निघाली समुद्रात.

बंदरावर पहिला खटका उडाला. पिशवीत हेमांगीनं दिलेल्या सहा दशम्या आणि लसणाची चटणी. तपासणीच्या माणसानं डबा बाजूला काढला. बाहेरचं खाणं आत चालत नाही, आत सगळं मिळतं. "फुकट जाईल ना रे बाबा," ताईबाई म्हणाली आणि तिथंच उभ्या उभ्या तिनं तीन दशम्या खाल्ल्या. उरलेल्या तीन त्या माणसापुढं धरल्या. तो ड्यूटीवर आहे म्हणाला. तिनं दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा त्यानं मुकाट्यानं डबा ठेवून घेतला. शुक्रवारची रात्र त्यामुळे निभावली.

शनिवारी सकाळी ती जागी झाली तेव्हा चारी बाजूंना पाणीच पाणी. तिला वाटलं होतं समुद्र म्हणजे लाटा, आरडाओरडा, काहीतरी भयंकर. हा तर नांगरून ठेवलेल्या काळ्या रानासारखा लांबच लांब पडलेला. पाच मिनिटं पाहिला आणि कंटाळली. आता दिवसभर करायचं काय?

खोली आवरायला एक माणूस आला, चाळिशीतला, डोंगराकडचा, बारीक डोळ्यांचा. हसून म्हणाला, "माताजी, नाश्ता किया?"

"हां हां, हो गया," ताईबाई म्हणाली. अजून तिनं तोंडही धुतलं नव्हतं.

आता याला कोणी खोटेपणा म्हणेल तर त्यानं खानदेशात पाहुणा म्हणून जाऊन बघावं. आमच्याकडे "जेवलात का?" असं विचारल्यावर पहिल्या खेपेला "झालं" असंच म्हणतात. दुसऱ्या खेपेला "नको हो, खरंच नको." तिसऱ्या खेपेला यजमान हात धरून पाटावर बसवतो, मग बसायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा म्हणजे सात जन्मांचा उपाशी. तेव्हा ताईबाईनं पहिली पायरी रीतीप्रमाणे म्हटली आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत पलंगाच्या कडेला बसली. त्या भल्या माणसानं चादर बदलली, उशा थोपटल्या, "गुड" म्हणाला आणि दार ओढून गेला. बिचाऱ्याला काय ठाऊक!

मग ती आपणहून जेवणघराकडे गेली, पण आत काही गेली नाही. दारात कोट घातलेला एकजण उभा होता, येईल त्याच्या हातावर औषध फवारायचा आणि "वेलकम, वेलकम" म्हणायचा. तिच्याही हातावर फवारलं, तिलाही वेलकम केलं. ताईबाई थांबली. लोक बाजूनं आत जात होते, ताटं उचलत होते, हातानं वाढून घेत होते. बुफे तिला नवा नव्हता. चाळीसगावच्या लॉनवर हल्ली सगळी लग्नं तशीच होतात. पण तिथंही मुलीचा बाप फाटकाशी हात जोडून उभा असतो, "जेवल्याशिवाय जायचं नाही" असं तोंडानं म्हणतो. इथं वेलकम तर काय, आल्या-गेल्या सगळ्यांना! त्यात तिचं नाव कुठं होतं? "बसा" असं कोण म्हणालं? दहा मिनिटं ती तशीच उभी राहिली, हात वाळेपर्यंत. मग वळली आणि खोलीत येऊन पाणी प्यायली.

भोंग्यावरून अधूनमधून काही सांगत होते, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. जेवण तयार आहे, अमुक मजल्यावर या. तिला राग आला. पंचायतीच्या भोंग्यावरून नळाला पाणी सुटल्याचं सांगतात. जेवायला कोणी भोंग्यावरून बोलवतं का?

दुपारी खोलीवाला पुन्हा भेटला, जिन्यात. "माताजी, लंच?"

"पेट भरा है, भाई."

तो पुन्हा हसला, पुन्हा "गुड" म्हणाला, आणि गेला. आता मात्र ताईबाईच्या पोटात आग पडली होती, आणि त्याहून जास्त आग डोक्यात. साधा दिवस असता तर ती हसली असती, योगेंद्रला सांगायला किस्सा झाला म्हणाली असती. पण गावात बोलावणं नाही म्हणून इथं आली, आणि इथंही कोणी एका शब्दानं "जेव" म्हणेना! वरच्या उघड्या मजल्यावर एक खुर्ची धरून ती बसली आणि तिनं मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला. सविताचा पहिला. आजीबाईसारखी शिकवते मला रीत! हिला बाळंतपणात पाणी कोणी पाजलं? हिच्या पोरीचे लंगोट कोणी धुतले? आणि मी विधवा झाले त्यात माझा काय गुन्हा? मी मारलं का तोतारामला?

बराच वेळ असा गेला. ऊन खाली सरकलं. राग करायलाही पोटात काही असावं लागतं; तो हळूहळू दमला. वेळ जाईना. तेव्हा ती आपलं रोजचं काम करायला लागली. झोप येत नसली की ती नेहमी हेच करायची. डोळे मिटून गावात बोलावणं फिरवायचं. शाळेपासून सुरू, मग मारुतीचा पार, मग डाव्या हातानं गल्ली. पहिलं दार पोलीसपाटलाचं, तीन बाया. दुसरं शिंप्याचं, सासू आणि दोन सुना. तिसरं भटूभाऊचं, बायको बहिरी, आत जाऊन सांगावं लागतं. चौथं...

चौथ्या दाराला पाय थांबला नाही. तिथून ती सरळ पाचव्याला गेली.

ताईबाईनं डोळे उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा पारापासून निघाली. पाटील, शिंपी, भटूभाऊ, आणि पुन्हा पाचवं. मधलं दार द्रौपदाबाईचं. द्रौपदाबाई बाविसाव्या वर्षी विधवा झालेली, आज ऐंशीच्या पुढं. त्या दारासमोर ताईबाईचा पाय इतक्या वर्षांत कधी थांबलाच नव्हता, म्हणून मनातही थांबत नव्हता. तिथं आल्यावर ती गल्लीची कड बदलायची, समोरच्या ओट्यावरच्या कोणाशी तरी काहीतरी बोलायची आणि पुढं सटकायची. आणि द्रौपदाबाई? ती दर हळदीला नेमकी त्याच वेळी ओटा झाडत असायची. दर हळदीला! ताईबाईला वाटायचं, म्हातारी मोठी स्वच्छतेची. दिवसातून कितीदा झाडते! आता समुद्रात बसून तिच्या डोक्यात लख्ख पडलं. म्हातारी ओटा झाडत नव्हती. ती दारात दिसावी म्हणून उभी राहत होती.

एकदा तर तिनं विचारलंही होतं. झाडू हातात तसाच, "कोनाकडली हळद शे व?" आणि ताईबाई म्हणाली होती, "अशीच, वरच्या गल्लीतली." चालता चालता. थांबलीसुद्धा नव्हती.

मग ती अख्खं गाव फिरली. मुद्दाम, सावकाश, दारामागं दार. वगळलेली दारं अकरा निघाली. बोटं पुरेनात म्हणून तिनं दोनदा मोजली. कोणी तिशीतली, कोणी साठीतली, एकीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्यातल्या सात आता या जगात नव्हत्या. त्या सातजणी बोलावण्याची वाट बघत गेल्या, आणि बोलावणारी कोण होती? गावानं रीत केली असेल, पण पाय तर हिचे होते.

आणि त्याहून वाईट पुढंच होतं. सविता नवी सून होऊन आली तेव्हा एका डोहाळजेवणाला ताईबाईचा पाय मुरगळला होता. बोलावणं फिरवायला सविताला पाठवलं. तेव्हा खाटेवर बसून ताईबाईनंच तिला दारं समजावून सांगितली होती. हे घर घे, ते घर घे, हे सोड. द्रौपदाबाईच्या नावाशी अडून सविता म्हणाली होती, "इले कसाले नही? आजी त चांगली शे." आणि ताईबाईनं तिला गप्प केलं होतं. रीत शे. विचारायचं नाही. पंधरा दिवसांपूर्वी पत्रिका देऊन उठता उठता सविता जे बोलली ते तिचं थोडंच होतं? शब्दसुद्धा ताईबाईचाच होता.

रडू आलं ते आता. खुर्चीत बसून, वाऱ्यात, पदर तोंडावर घेऊन ताईबाई चांगली पोटभर रडली. पलीकडच्या खुर्च्यांवर पोरंपोरी फोटो काढत होती, कोणाचं लक्ष नव्हतं. स्वतःची कीव येऊन रडणं तिला माहीत होतं, तीन वर्षं तेच चाललं होतं. हे तसलं नव्हतं. आता तिला लाज वाटत होती. रागवायला आता सविताही राहिली नव्हती.

डोळे पुसून ती उठली. जेवणघराच्या दारात आता कोटवाला नव्हता, चहाची वेळ होती, आत थोडेच लोक होते. ताईबाई सरळ आत गेली, ताट उचललं, उपमा घेतला, दोन सामोसे घेतले, परत जाऊन आणखी उपमा घेतला. कोणी बोलावलं नाही. कोणी हटकलंही नाही. उपम्यात साखर होती, मिरची नावाला नव्हती, आणि तरी तिनं ताट पुसून खाल्लं. खाता खाता तिनं ठरवलं, उद्या बोरखेड्याला जायचं. परवा, सोमवारी वगैरे नाही. उद्या, हळदीला. बोलावणं नाही तर नाही.

तेवढ्यात खोलीवाला तिथून चालला होता. त्यानं विचारलं, "माताजी, खाना ठीक है?"

"दिनभर भूखी थी रे," ताईबाई म्हणाली. तो बावचळला. आणखी दोन सामोसे आणून त्यानं तिच्या ताटात ठेवले. तिनं नको म्हटलं नाही.

रविवारी सकाळी किनारा दिसायला लागला तसा फोन वाजायला लागला. दिपमालाचाच होता.

"फुई, कोठे शे तू? दोन दिन व्हयनात, फोन लागत नही!"

"दर्यावर."

"काय?"

"ते राहू दे. हळद कधी शे?"

पोरगी हळूच म्हणाली, "दिवेलागणला. आई म्हनस रीत शे. मी भांडनू तिच्यासंगे. बाबा काही बोलत नही."

"तू भांडू नको. आईवर डाफरू नको, तिची चूक नाही. मी येस."

बंदराबाहेर योगेंद्र उभा होता. "कसं वाटलं जहाज? चल, हेमांगीनं स्वयंपाक करून ठेवलाय." ताईबाईनं पिशवी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "चाळीसगावची गाडी किती वाजता आहे?" त्यानं दोन-चार प्रश्न विचारले, पण आईचा चेहरा बघून पाचवा विचारला नाही. गाडीत खिडकीशी जागा मिळाली. चाळीसगावला उतरून जीप धरली आणि पाच वाजायच्या सुमाराला ती बोरखेड्याच्या फाट्यावर उतरली. वरच्या गल्लीतून वाजंत्री ऐकू येत होती. ताईबाई तिकडे गेली नाही. पारापासून डाव्या हाताला वळली.

द्रौपदाबाई ओट्यावर झाडू घेऊन वाकलेली होती.

ताईबाई दारात जाऊन उभी राहिली. रस्त्यावर नाही, उंबऱ्याशी. "माय, मी ताई."

"कोन? तोतारामनी?"

"हा. रुपचंदनी दिपमालाले हळद लागी ऱ्हायनी. तुमले बलावनं शे. चाला."

म्हातारीनं झाडू भिंतीला टेकवला. नीट टेकवला, पडू नये असा. "माले?"

"तुमले."

"तीस वरीस मना दारवरथीन गयी तू," द्रौपदाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "आज कशी काय थांबनी?"

ताईबाईनं गाडीत बसून बरंच काही जुळवून आणलं होतं. त्यातलं एकही आठवलं नाही. "मनी चूक व्हती, माय," ती म्हणाली.

"चूक व्हती म्हने." म्हातारी ओट्यावर टेकली, गुडघे चोळत बसली. वाजंत्री थांबली, पुन्हा सुरू झाली. ताईबाई उभीच राहिली. ती तिला आग्रहही करू शकत नव्हती. कोणत्या तोंडानं करणार? शेवटी द्रौपदाबाई भिंतीला धरून उठली. "थांब. लुगडं बदली लेस."

उरलेल्या तीन दारांपैकी दोन दारांनी नाही म्हटलं. एक म्हणाली लोक काय म्हणतील, दुसरीनं तर दारच लावून घेतलं. तिसरी, वनाची आई, पन्नाशीची, चपला घालून मागं आली. अशा तिघी मांडवात शिरल्या तेव्हा गाणं म्हणणाऱ्या बाया एकामागून एक गप्प झाल्या. दिपमाला पाटावर बसली होती. पाच सवाष्णी वाटी घेऊन तयार. सविता पुढं आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अक्का, हाई काय व? तुम्हीनच त माले सांगं व्हतं, कोनतं दार सोडानं ते."

"सांगं व्हतं," ताईबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ती चूक मनी व्हती. तुनी नही."

कोपऱ्यात रुपचंद उभा होता, तो जमिनीकडे बघत होता. एक म्हातारी सवाष्ण कुरकुरली, अपशकुन, अमकं तमकं. पाटावरची दिपमाला रडायला लागली होती, पण उठली नाही. तिनं नुसते पाय पुढं केले, फुईच्या बाजूला. सविता आपल्या मुलीकडे बघत राहिली. मग तिनं शेजारणीच्या हातातली वाटी घेतली आणि ताईबाईपुढं धरली. हसली वगैरे नाही.

"घ्या. बेगी करा. अंधार पडी ऱ्हायना."

पंचवीस वर्षं जिची वाट बघितली ती वाटी ताईबाईच्या हातात आली. तिनं बोटं बुडवली नाहीत. मागं वळून ती द्रौपदाबाईच्या हातात दिली. "पहिले तुम्ही लावा, माय."

म्हातारीनं वाटीत पाहिलं, दिपमालाकडे पाहिलं, मग ताईबाईच्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "पहिले काय लावतस व? डोकं का पाय?"

"पाय," ताईबाई म्हणाली.

द्रौपदाबाई ताईबाईच्या खांद्याला धरून हळूहळू खाली बसली.